दिवा विझला, पॅड झिजतच गेले: कुंभार्ली घाटातल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी माझ्या मेव्हण्याची. २०१९ सालची पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. तो कराडला राहतो आणि धंद्यापायी आठवड्यातून दोनदा तरी चिपळूण गाठतो. म्हणजे सकाळी पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून पोफळी, शिरगाव. आणि संध्याकाळी तोच घाट चढून परत. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, ७ सप्टेंबरचे गणपती तोंडावर आलेले असताना, त्याने ती साताऱ्याला माझ्या दारात आणून उभी केली. मीटरवर ७१,४०० किलोमीटर. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून जात्यात खडा सापडल्यासारखी घरघर यायची आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढायचं.

"दाजी, डॅशबोर्डवर तर एकही लाइट नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

त्या वाक्यासाठीच हे सगळं लिहून काढतोय. लाइट नव्हता हे खरं होतं. तो का नव्हता, ते कळायला अर्धा दिवस आणि एक सिरिंज लागली.

जॅक लावून चाक काढलं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, आणि तिला आतून-बाहेरून दाबून धरतात ते पॅड. नव्या पॅडवर घासला जाणारा थर साधारण १० मिलिमीटरचा असतो, त्यामागे लोखंडी पाठ. डाव्या चाकातल्या आतल्या पॅडवर थर शिल्लकच नव्हता. लोखंडी पाठ थेट डिस्कवर घासत होती आणि डिस्कच्या आतल्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चरा पडल्या होत्या. त्याच चाकातला बाहेरचा पॅड मात्र ५ मिलिमीटर. उजवं चाक काढलं: आतला २, बाहेरचा ३. व्हर्निअर लावून दोनदा मोजले, कारण पाच आणि शून्य एकाच चाकात हे मला पटेना.

हे एका दिवसात झालेलं नव्हतं. मेपासून ऑगस्टपर्यंत गाडीने तीनदा तक्रार केली होती आणि तिन्ही वेळा कोणी ना कोणी तिला गप्प बसवलं होतं. त्यात एकदा मी होतो.

मे: वळणावरचा लुकलुकणारा दिवा

पहिली खूण घाटातच दिसली. उतरताना, एका तीव्र वळणावर ब्रेक दाबला असताना, लाल दिवा क्षणभर लागला आणि गेला: वर्तुळ, आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. मेव्हण्याला वाटलं हँडब्रेक नीट खाली गेलेला नाही. त्याने तो ओढून पुन्हा सोडला. दिवा गेला. पुढच्या फेरीत पुन्हा लागला, पुन्हा हँडब्रेक, पुन्हा गेला. महिनाभर हा खेळ चालला.

त्याची समजूत अगदीच चूक म्हणता येणार नाही. बहुतेक गाड्यांमध्ये हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी या दोन्हींसाठी तोच एक लाल दिवा असतो. रोज सकाळी तो हँडब्रेकसाठी लागलेला दिसतो, हँडब्रेक सोडला की विझतो. सहा महिन्यांत डोळ्यांना त्याची इतकी सवय होते की तो आणखी काही सांगत असेल हे मनातच येत नाही. माझ्या मते हा दिवा बनवणाऱ्यांचा दोष आहे; पण ते जगभर असंच आहे, तेव्हा त्यावर फार बोलून उपयोग नाही.

घाटातल्या वळणावरच तो का लागायचा? बॉनेटखाली ब्रेक ऑइलची छोटी पांढुरकी टाकी असते. तिच्यात एक तरंगता तुकडा असतो, त्यात चुंबक. ऑइल खाली गेलं की तो तुकडा खाली येतो, खालचा स्विच जुळतो आणि दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असेल तर सपाट रस्त्यावर काही होत नाही. गाडीचं नाक खाली, वळण आणि वर ब्रेक, असं तिन्ही एकत्र आलं की टाकीतलं ऑइल एका बाजूला धावतं, तरंगता तुकडा क्षणभर बुडी मारतो आणि दिवा लुकलुकतो. चढताना, सपाटीला, उभ्या गाडीत सगळं ठीक. म्हणजे लुकलुकणारा दिवा हा लूज वायरीचा प्रकार नव्हता. ऑइल किमान रेघेपाशी आलंय, याची ती पहिली आणि सर्वांत सभ्य सूचना होती.

जून: ऑइल टाकलं, लाइट गेला

जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवा लागला तो विझेचना. हा शहाणा माणूस थांबला, हे त्याचं कौतुकच. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, टाकी पाहिली, म्हणाला, "साहेब, ऑइल कमी झालंय." बाकावरची अर्धी बाटली उचलून टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली. दिवा गेला. दोनशे रुपये, पाच मिनिटं. चाक काढलं नाही, ऑइल गेलं कुठे हे विचारलं नाही.

सगळं प्रकरण इथे फिरलं. ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखं जळत नाही, पेट्रोलसारखं संपत नाही, वायपरच्या पाण्यासारखं उडून जात नाही. बंद नळ्यांमधला द्रव आहे तो. तो टाकीतून कमी होतो ते दोनच कारणांनी: कुठेतरी गळती आहे, किंवा पॅड झिजलेत. तिसरं एक पोटकारण आहे, बऱ्याच गाड्यांचा हायड्रॉलिक क्लच याच टाकीतून ऑइल घेतो, तेव्हा गळती क्लचकडचीही असू शकते. पण तीही गळतीच.

पॅड झिजल्याने ऑइल कमी कसं होतं, हे अनेकांना कोडं वाटतं. पॅडना डिस्कवर आवळणारा चिमटा म्हणजे कॅलिपर, आणि ऑइलच्या दाबाने पुढे सरकून पॅड ढकलतो तो त्यातला पिस्टन. पॅड जसजसा बारीक होतो तसतसा हा पिस्टन बाहेर येऊन बसतो, कारण ब्रेक सोडल्यावर तो पूर्ण मागे जात नाही, केसभरच सरकतो. पिस्टन पुढे आला की त्याच्या मागे पोकळी वाढते आणि ती भरायला टाकीतलं ऑइल जातं. ऑइल कुठे हरवलेलं नसतं. ते टाकीतून चाकात जाऊन बसलेलं असतं.

या गाडीचा हिशेब मांडून पाहू. पिस्टनचा व्यास साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. डाव्या चाकात आतला पॅड १० आणि बाहेरचा ५ मिलिमीटर झिजला, एकूण १५. उजवीकडे ८ आणि ७, एकूण पुन्हा १५. कॅलिपर सरकता असल्याने दोन्ही पॅडची झीज एकाच पिस्टनला भरून काढावी लागते. १.५ गुणिले १९.६ म्हणजे एका चाकात २९ मिलिलिटरच्या थोडं वर, दोन्ही मिळून ५९. एका कटिंग चहाएवढं ऑइल. टाकीवर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात त्या याच हिशेबाने. पॅड नवे असताना ऑइल वरच्या रेघेला असलं, तर पॅड संपत येतात तेव्हा ते आपोआप खालच्या रेघेला टेकतं.

म्हणजे ज्या गाडीत पॅडसाठी वेगळा सेन्सर नाही (आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो नसतो), तिथे ब्रेक ऑइलची पातळी हाच गरिबाचा सेन्सर. ऑइल भरलं की तो सेन्सर पुन्हा शून्यावर जातो. पॅड तितकेच झिजलेले, पण आता ते पार लोखंडाला लागले तरी ऑइल खालच्या रेघेपर्यंत उतरणार नाही. दिवा पुन्हा लागायचं कारणच उरलं नाही.

मी हे त्या पोराला दोष द्यायला लिहीत नाही. गिऱ्हाईक म्हणतं लाइट घालवा, त्याने घालवला. चाक काढतो म्हटलं असतं तर "उगाच पैसे काढतोय" असंही हेच गिऱ्हाईक म्हणालं असतं, त्याला मी ओळखतो.

जुलै: इथे मी चुकलो

जुलैत पाऊस धरला आणि गाडी किंचाळायला लागली. बारीक, उंच, शिट्टीसारखा आवाज. मेव्हण्याने फोन केला. मी म्हटलं, "पावसात होतं तसं. रात्री डिस्कवर गंज धरतो, सकाळी चार ब्रेक मारले की घासून जातो." हे खरंच होतं. बिडाची डिस्क एका रात्रीत तांबूस होते आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर करते. मी फक्त पुढचा प्रश्न विचारायला विसरलो: आवाज चार ब्रेकनंतर थांबतो का?

तो थांबत नव्हता. उलट, ब्रेक न दाबता हळू चालताना यायचा आणि ब्रेक दाबला की कमी व्हायचा. ही खूण गंजाची नव्हेच. पॅडच्या पाठीला स्प्रिंगच्या पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. तिला दुसरं काम नाही. ना वायर, ना दिवा, ना बॅटरी. केवळ कान किटवून मालकाला गॅरेजला धाडायचं. इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक सूचना गाडीत दुसरी नसेल.

त्याच महिन्यात तो साताऱ्याला आला तेव्हा मी उकिडवा बसून चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. दिसला तो बाहेरचा पॅड. पाच-सहा मिलिमीटर होता. "आहे की बराच," मी म्हटलं आणि आम्ही जेवायला आत गेलो.

माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. तिथे हवेचे ब्रेक, मोठाले ड्रम आणि त्यांत पॅडच्या जागी लायनर. ड्रममध्ये बाहेरून काही दिसतच नाही, म्हणून उघडून पाहायची सवय असते. डिस्कमध्ये बाहेरून अर्धं दिसतं, आणि दिसलेल्या अर्ध्यावर माणूस विसंबतो. आतला पॅड डिस्कच्या पलीकडे, गाडीच्या पोटाकडे असतो. चाक न काढता तो धड दिसत नाही, आणि सरकत्या कॅलिपरमध्ये लवकर संपतो तो बहुधा तोच.

ऑगस्टच्या मध्यावर किंचाळी थांबली. मेव्हण्याला बरं वाटलं. चाक काढल्यावर कळलं की ती जीभच अर्धी झिजून वाकली होती. मग आठवडाभर शांतता, आणि त्यानंतर घरघर. आता तक्रार करायला जीभही उरली नव्हती, तेव्हा लोखंड बोलायला लागलं.

एकाच चाकात शून्य आणि पाच कसे?

कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट धक्क्याने सगळा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. दोन्ही पॅड सारखे घासायचे तर त्या पिना लोण्यासारख्या सरकायला हव्यात. त्यांवर रबरी बूट असतात, आत ग्रीस.

डाव्या कॅलिपरच्या खालच्या पिनेचा बूट फाटलेला होता. आत घाटातला तांबडा चिखल आणि वाळून खडखडीत झालेलं ग्रीस. पिन हाताने हलेना, पाईप रेंचने फिरवून काढावी लागली. ती अडकल्यामुळे कॅलिपर सरकत नव्हता, आतला पॅड एकटाच राबत होता आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला थोडा चिकटून राहत होता. दोन्ही चाकांची एकूण झीज सारखी, १५ आणि १५, पण डावीकडे ओझं एकाच्याच डोक्यावर. घरोघरी दिसतं तसंच.

गळती मात्र कुठेच नव्हती. चारही चाकांची आतली बाजू, मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची मागची बाजू आणि पेडलच्या वरचा भाग, सगळं कोरडं. मग जूनमध्ये दिवा लागला कशाने, हे पक्कं झालं ते पिस्टन मागे ढकलताना. नवे पॅड बसवायला पिस्टन सी-क्लॅम्पने आत दाबावा लागतो. तसा तो दाबला की चाकात गेलेलं ऑइल उलट टाकीत येतं. टाकी आधीच वरच्या रेघेच्या आसपास होती. डावा पिस्टन अर्धा आत जाईपर्यंत ऑइल झाकणाला टेकलं. मी सिरिंजने उपसत गेलो. दोन्ही बाजू होईपर्यंत ५० मिलिलिटर काढलं. वर मांडलेल्या ५९ च्या हिशेबाशी हे जुळतं. जूनमध्ये टाकलेलं ऑइल असं सगळंच्या सगळं परत आलं.

(घरी कोणी हे करणार असेल तर झाकण उघडं ठेवून खाली फडकं पसरा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो. लगेच पाण्याने धुवायचं.)

कोणता दिवा काय म्हणतो

या निमित्ताने मेव्हण्याला गाडीत बसवून मी सगळे दिवे दाखवले. चावी फिरवली, इंजिन सुरू न करता, की सगळे क्षणभर लागतात. जो लागत नाही त्याचा बल्बच गेलेला असू शकतो, आणि हे महिन्यातून एकदा तरी डोळसपणे पाहावं.

लाल वर्तुळातलं उद्गारचिन्ह: हँडब्रेक ओढलेला, किंवा ऑइल खाली. हँडब्रेक पूर्ण सोडूनही राहिला तर गाडी बाजूला घ्यायची, टाकी पाहायची, पेडल दाबून पाहायचं. पेडल नेहमीसारखं टणक आहे, चाकांखाली ओल नाही, तर बहुधा पॅडची गोष्ट आहे. सावकाश जवळच्या गॅरेजला. पेडल मऊ लागतंय किंवा खाली खाली जातंय तर गाडी तिथेच सोडायची आणि टोइंग बोलवायचं. घाटात तर दुसरा विचारही नको.

पिवळा, वर्तुळात एबीएस ही अक्षरं: साधे ब्रेक चालू आहेत, पण जोरात दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा बंद आहे. बहुतेक वेळा चाकाजवळच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरवर चिखल किंवा त्याची तार तुटलेली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा दिवा आता सगळ्यांच्या ओळखीचा व्हायला हवा. पॅड झिजल्याचं मात्र तो सांगत नाही. तो एकटा लागला तर जपून चालवत गॅरेजला नेता येतं. पण लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले आणि हँडब्रेक सोडलेला असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकून गाडी फिरते. तेव्हा थांबायचं.

तिसरा: वर्तुळ, आणि बाजूचे कंस तुटक रेघांचे. हा खास पॅड झिजल्याचा, बहुधा पिवळा. बीएमडब्ल्यू, मर्सिडीझ अशा गाड्यांत असतो. पॅडच्या थरात ठरावीक खोलीवर एक बारीक तार पुरलेली असते. थर तिथवर झिजला की तार घासून तुटते आणि दिवा लागतो. मेव्हणा म्हणाला, "आपल्याला हाच पाहिजे होता." मला तसं वाटत नाही. बऱ्याच गाड्यांत ही तार पुढच्या दोन चाकांपैकी एकाच चाकात, एकाच पॅडला असते. ती उजवीकडे असती तर? उजवा आतला पॅड २ मिलिमीटरवर येईपर्यंत डावा केव्हाच लोखंडाला लागलेला असता.

न्यूट्रलचा हिशेब

हे झिजलेले पॅड मीटरवर ३८,००० किलोमीटर असताना नवे बसवलेले. म्हणजे ३३,००० किलोमीटर चालले. पिनेचा दोष बाजूला ठेवला तरी उजवीकडचे २ आणि ३ मिलिमीटर पाहून मी विचारलं, "घाट कसा उतरतोस?"

"न्यूट्रलमध्ये. पेट्रोल वाचतं ना दाजी."

घाटात पॅड किती राबतात ते आकड्यात पाहण्यासारखं आहे. माणसांसकट १,३०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली, तर ६४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वीज मंडळाच्या भाषेत पावणेदोन युनिट. दोन किलोवॉटचा गीझर पाऊण तासाहून जास्त चालावा इतकी उष्णता. थोडी वारा खातो, थोडी टायर. न्यूट्रलमध्ये उरलेली सगळी ब्रेकच्या अंगावर, त्यातही बहुतेक पुढच्या दोन डिस्कच्या. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन त्यातला मोठा वाटा ओढून घेतं. चढताना जो गिअर, उतरताना तोच, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी.

आणि पेट्रोल वाचत नाहीच. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलं की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या दमावर चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत आहे ही, बापाकडून मुलाकडे आलेली. इंजिनच बंद करून उतरणारे तर त्याहून धन्य: दोन-तीनदा ब्रेक दाबला की पायाला जोर देणाऱ्या बूस्टरमधला निर्वात संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

ऑइलचाही इथे संबंध आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ जातीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. पावसाळ्यात बाकावर झाकण ढिलं ठेवलेल्या त्या अर्ध्या बाटलीत किती पाणी मुरलं होतं देव जाणे. लोखंडावर लोखंड घासून तापलेला कॅलिपर, आत ओलावलेलं ऑइल, वर लांबच लांब उतार. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल दाबलं की बुडबुडे दबतात आणि ब्रेक लागत नाही. या गाडीत ते झालं नाही. नशीब म्हणायचं.

काय बदललं

डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. या डिस्कवर १५ मिलिमीटर होती. चरांच्या तळाशी मोजली तर १४.६ भरली. लेथवर तासून आणायचा विचार मेव्हण्याने सुचवला होता, तो तिथेच संपला. तासायचं म्हणजे आणखी पातळ करायचं. दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. एकच नवी घातली तर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही. चारही पॅड नवे, जिभेचे. दुकानदाराने स्वस्तातले जिभेशिवायचे दाखवले होते, ते परत केले. दोन्ही कॅलिपरच्या पिना साफ करून, नवे बूट, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस. जुनं ऑइल पूर्ण काढून डॉट ४ भरलं आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. सगळं मिळून साडेआठ हजारांच्या घरात गेलं. जूनमध्ये चाक काढलं असतं तर पॅड, बूट आणि ग्रीसवर, अडीच-तीन हजारांत भागलं असतं.

गाडी जॅकवरून उतरवल्यावर मी त्याला चावी दिली नाही. आधी पेडल सात-आठ वेळा दाबून टणक होईपर्यंत बसून राहिलो. पिस्टन मागे ढकलल्यावर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. हे न करता गाडी रिव्हर्स घेऊन भिंतीला लावलेली मी पाहिली आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर दणकन ब्रेक मारायचे नाहीत, हळूहळू दाबायचे, म्हणजे नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना बसतात. त्याने गणपतीला जाताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले म्हणाला. वाजवू दे.

डॅशबोर्डच्या खणात मी एक शाळेची छोटी वही ठेवून दिली. दर १०,००० किलोमीटरला टायर अदलाबदल करताना चाकं निघतातच. तेव्हा चारही पॅडची जाडी, आतला वेगळा, बाहेरचा वेगळा, लिहायची. टाकीच्या बाहेर मार्करने त्या दिवसाच्या ऑइलची रेघ मारली आणि शेजारी तारीख.

फेब्रुवारीत, आणखी ८,००० किलोमीटर झाल्यावर, त्याचा फोन आला. "दाजी, ऑइल तुमच्या रेघेच्या जरा खाली आलंय. टाकू का?"

"झाकणाला हात लावू नको. चाक काढ, आतला मोज."

अर्ध्या तासाने आकडे आले. डावा आतला ८.७, बाहेरचा ८.९. उजवा आतला ८.८, बाहेरचा ८.८. आधीच्या पॅडच्या मानाने झीज कमी आहे. ती गिअरमुळे, पिनांमुळे की पॅडच्या जातीमुळे, हे एवढ्यावरून सांगता यायचं नाही. वहीत त्याने खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती, ती फोटोत दिसली: "ऑइल टाकलं नाही."